ग्रामीण चर्चच्या आवारातील युद्धस्मारक : नामावलीचा अर्थ

इंग्लंडच्या ग्रामीण भागात चर्चच्या आवारात शिरताच पुष्कळ ठिकाणी एक दगडी क्रूस दृष्टीस पडतो. दोनतीन पायऱ्यांचा चौथरा, त्यावर चौकोनी अथवा अष्टकोनी बैठक, तीवर निमुळता होत गेलेला स्तंभ आणि बैठकीच्या बाजूंवर कोरलेली दहापंधरा किंवा वीसपंचवीस नावे, असे त्याचे सामान्य स्वरूप असते. नावांच्या वर १९१४–१९१८ किंवा १९१४–१९१९ असे सन असतात. खाली बहुधा १९३९–१९४५ या काळातील, मागाहून कोरलेली, संख्येने थोडी अशी नावे आढळतात. सभोवार गावच्या कित्येक पिढ्यांच्या कबरी असतात. त्या कबरींखाली देह आहेत. क्रूसाखाली मात्र कोणीही नाही. हा जो भेद, तोच या स्मारकाच्या अभ्यासाचा आरंभबिंदू मानला पाहिजे.

शिल्पकृती म्हणून पाहू गेल्यास यांपैकी बहुतेक स्मारके सामान्यच ठरतील. गावच्या पाथरवटाने ठराविक नमुन्यावरून घडविलेल्या क्रूसात कलासमीक्षकास सांगण्याजोगे थोडेच असते. तथापि इतिहासाच्या व समाजशास्त्राच्या अभ्यासकास त्यांचे महत्त्व फार आहे. ब्रिटनमधील सर्व प्रकारच्या युद्धस्मारकांची नोंद करण्याचे जे काम लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियमने १९८९ साली हाती घेतले, त्यात ९० हजारांहून अधिक स्मारके नोंदली गेली आहेत. यांतील फार मोठा भाग पहिल्या महायुद्धानंतरच्या अवघ्या काही वर्षांत निर्माण झाला. शासनाचा कोणताही हुकूम नसता, शासनाचे द्रव्यसाह्यही नसता, गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढून एकाच वेळी एकाच हेतूने एवढे बांधकाम का केले, ते चर्चच्या आवारातच का केले, आणि त्यावर कोरलेल्या नावांच्या यादीचा अर्थ काय, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

देहाचा अभाव

महायुद्धाच्या आरंभी मृत सैनिकाचा देह स्वदेशी आणण्यास सर्वत्र मनाई नव्हती. ज्या कुटुंबांजवळ पैसा व वशिला होता त्यांनी आपल्या मुलांचे देह फ्रान्समधून परत आणविलेही. १९१५ च्या एप्रिलमध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू फ्रान्समध्ये मारला गेला, तेव्हा त्याचा देह खास परवानगीने वेल्समधील हार्डन या गावी आणून तेथील चर्चच्या आवारात पुरण्यात आला. सामान्य शेतमजुराच्या मुलाला हा मार्ग मोकळा नव्हता. रणभूमीवरील कबरींची व्यवस्था पाहणारे फेबियन वेअर यांना हा भेद अन्यायाचा वाटला, आणि त्याच वर्षी देह उकरून परत नेण्यावर बंदी घालण्यात आली. आरोग्याचे व सोयीचे कारण त्यामागे होतेच. परंतु जे सर्वांना मिळू शकत नाही ते मोजक्यांना मिळू नये, हे तत्त्वही होते.

पुढे १९१७ च्या मे महिन्यात राजसनदेने इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशनची स्थापना झाली. ब्रिटिश म्यूझियमचे संचालक फ्रेडरिक केन्यन यांनी १९१८ साली या कमिशनला जो अहवाल सादर केला, त्यात समतेचे हे तत्त्व अधिक स्पष्ट झाले. जनरल असो वा शिपाई, प्रत्येकाच्या कबरीवरील शिळा एकाच आकाराची असावी. हुद्दा, कुळ वा संपत्ती यांवरून तीत भेद नसावा, असे ठरले. या धोरणाविरुद्ध अनेक मातापित्यांनी तक्रार केली. आमचा मुलगा सरकारला उसना दिला होता, कायमचा दिला नव्हता, असा त्या तक्रारीचा भावार्थ होता. १९२० च्या मे महिन्यात पार्लमेंटमध्ये यावर कडाक्याची चर्चा झाली. परंतु धोरण बदलले नाही.

शिवाय पुष्कळांचा देह सापडलाच नव्हता. बेल्जममधील ईप्र येथील मेनिन गेटवर ५४ हजारांहून अधिक आणि फ्रान्समधील थीएप्व्हाल येथील स्मारकावर ७२ हजारांहून अधिक नावे कोरली आहेत, ती अशा बेपत्ता सैनिकांची होत. युद्धात ब्रिटिश बेटांतील सात लाखांहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी जी परदेशी मेली त्यांच्या कुटुंबांपुढे कबर नव्हती. असली तरी समुद्रापलीकडे होती, आणि तेथवरचा प्रवास गरीब घरच्या आईबापांना परवडणारा नव्हता. ज्या समाजात रविवारी प्रार्थनेनंतर आप्तांच्या कबरीवर फुले ठेवून घरी जाण्याची रीत होती, त्या समाजात हा अभाव किती बोचला असेल याची कल्पना करता येते. गावचे स्मारक हे या अभावावरील उत्तर होय. विजयाची खूण म्हणून ते उभारले गेले नाही. नसलेल्या कबरीच्या जागी ते उभे राहिले. ज्या ग्रीक शब्दावरून लंडनच्या राष्ट्रीय स्मारकास सेनोटाफ हे नाव पडले, त्याचा अर्थच ‘रिकामी समाधी’ असा आहे.

जागा आणि आकार

स्मारक चर्चच्या आवारातच असावे, ही गोष्ट वाटते तितकी स्वयंसिद्ध नव्हती. पॅरिश हा शब्द इंग्लंडमध्ये दोन अर्थांनी वापरला जातो. एका चर्चच्या अधिकाराखालील धार्मिक क्षेत्र हा एक अर्थ, आणि १८९४ च्या कायद्याने ज्याला स्वतःची निवडलेली पंचायत मिळाली ते मुलकी क्षेत्र हा दुसरा. स्मारकाचा प्रश्न या दोन्ही क्षेत्रांच्या सीमेवर उभा होता. युद्धात मेलेले सगळे आंग्लिकन पंथाचे नव्हते. मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट इत्यादी पंथांची माणसेही त्यांत होती. आंग्लिकन चर्चच्या आवारात उभारलेला क्रूस आपल्याही मुलाचा कसा मानावा, असा प्रश्न त्यांच्या कुटुंबीयांस पडणे स्वाभाविक होते. म्हणून कित्येक गावांत स्मारक हमरस्त्यावर, चव्हाट्यावर किंवा गावच्या मोकळ्या हिरवळीवर उभारण्यात आले. कित्येक गावांत तडजोड म्हणून आवाराच्या कडेला, रस्त्यावरून दिसेल अशी जागा निवडण्यात आली.

आवारात बांधकाम करावयाचे तर धर्मप्रांताच्या न्यायालयाचा ‘फॅकल्टी’ नावाचा परवाना घ्यावा लागे. धर्मप्रांताचा चान्सलर आराखडा, दगड, मजकूर इतकेच काय, क्रूसावर ख्रिस्ताची मूर्ती असावी की नसावी हेही तपासून पाही. कारण मूर्ती असलेला क्रूस अनेक प्रॉटेस्टंटांना रोमन कॅथलिक वळणाचा वाटत असे. अशा अर्जांमुळे जी कागदपत्रे निर्माण झाली ती आज ठिकठिकाणच्या दप्तरखान्यांत उपलब्ध आहेत, आणि संशोधकास त्यांचा मोठा उपयोग होतो.

गावात प्रथम सभा भरे, मग समिती नेमली जाई. समितीत धर्मोपदेशक, मोठा जमीनदार, शाळामास्तर, काही शेतकरी आणि क्वचित परत आलेले सैनिक असत. पहिला वाद बहुधा उपयुक्ततेचा असे. पैसा दगडात घालावा, की गावसभागृह, क्रीडांगण किंवा रुग्णालयातील एखादी खाट यांसाठी द्यावा? जिवंतांच्या सोयीला स्मारक म्हणावे काय, असा एका पक्षाचा सवाल, तर मृतांना दगडाचा काय उपयोग, असा दुसऱ्याचा. पुष्कळ गावांनी दोन्ही केले. परंतु जेथे एकच काही करणे शक्य होते तेथे बहुधा क्रूसाची सरशी झाली, आणि यातच शोकाची निकड दिसून येते.

क्रूसाच्या आकारालाही पूर्वपरंपरा होती. मध्ययुगात इंग्लंडमधील चर्चच्या आवारात दगडी क्रूस असत. धर्मसुधारणेच्या काळात व पुढे प्यूरिटन राजवटीत त्यांतील अनेक मोडले गेले. काही ठिकाणी नुसते चौथरे उरले. युद्धानंतर अशा काही जुन्या चौथऱ्यांवरच नवे क्रूस बसविण्यात आले. दुसरा एक आकार याहून अधिक अर्थपूर्ण आहे. आवाराच्या प्रवेशद्वारी छप्पर असलेले जे लाकडी फाटक असते त्याला लिचगेट म्हणतात. लिच म्हणजे प्रेत. धर्मोपदेशक येईपर्यंत प्रेत या छपराखाली टेकवीत. अनेक गावांनी युद्धस्मारक म्हणून नवे लिचगेटच बांधले, म्हणजे जी प्रेते कधी येणार नव्हती त्यांच्यासाठी प्रेतविश्रामाची जागा बांधली.

बसब्रिजचे उदाहरण

सरी परगण्यातील बसब्रिज या गावचे स्मारक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सेंट जॉन चर्चच्या आवारातील हा क्रूस १९२२ साली उभा राहिला. त्याचा आराखडा एडविन लचिन्स या वास्तुशिल्पज्ञाचा. लंडनचे सेनोटाफ आणि थीएप्व्हालचे प्रचंड स्मारक ज्याने रचले तोच हा. आखूड बाहूंचा व चढत्या पायऱ्यांवर उभा केलेला असा क्रूसाचा एक नमुना त्याने तयार केला होता, आणि थोड्याफार फरकाने तो निरनिराळ्या गावी उभारला गेला.

याच आवारात जीकिल कुटुंबाच्या कबरी आहेत, आणि त्यांचीही रचना लचिन्सचीच आहे. उद्यानरचनेच्या क्षेत्रात नाव मिळविलेल्या गर्ट्रूड जीकिल या लचिन्सच्या ज्येष्ठ सहकारी होत. १९३२ साली त्यांच्या मृत्यूनंतर त्यांनाही येथेच पुरण्यात आले. एकाच हाताने रेखाटलेल्या दोन प्रकारच्या स्मृती येथे जवळजवळ आहेत. एका बाजूस प्रतिष्ठित कुटुंबाची, देह जेथे आहे तेथील समाधी, आणि दुसऱ्या बाजूस गावच्या मुलांची, देह जेथे नाही तेथील. पहिलीत कुटुंब हा घटक आहे. दुसरीत गाव हा घटक आहे. चर्चच्या आवारात गावातील सामान्य माणसांची नावे सामुदायिक रीतीने कोरली जाण्याची प्रथा युद्धापूर्वी जवळजवळ नव्हती. गरिबाच्या कबरीवर पुष्कळदा दगडही नसे. ज्याच्या बापाचे वा आजाचे नाव गावात कोठेही कोरलेले नाही अशा शेतमजुराचे नाव प्रथमच उत्तम दगडावर, उत्तम अक्षरात आले, ते युद्धस्मारकावर. हा सामाजिक इतिहासातील बदल लहान नव्हे.

यादी कशी झाली

नावे कोणती घ्यावयाची हा प्रश्न समितीपुढे येई तेव्हा तिच्याजवळ सरकारी यादी नसे. घरोघर विचारून, चर्चमध्ये सूचना देऊन किंवा दारावर कच्ची यादी लावून नावे जमविली जात. गावचा म्हणावयाचा कोणाला? येथे जन्मलेल्याला, येथे नोकरीस असलेल्याला, की ज्याचे आईबाप युद्धानंतर येथे राहावयास आले त्याला? उत्तरे गावागणिक वेगळी आहेत. त्यामुळे एकाच माणसाचे नाव दोनतीन गावांत आढळते, आणि कोणाचे कोठेच आढळत नाही. जखमांमुळे १९२० किंवा १९२१ मध्ये मेलेल्यास काही ठिकाणी स्थान मिळाले, काही ठिकाणी नाही. स्मारकावरील यादी म्हणजे मृतांची जनगणना नव्हे. कोणाला आपला मानावयाचे याविषयी गावाने दिलेला तो निर्णय होय. या यादीचा पुरावा म्हणून उपयोग करताना हे विसरून चालणार नाही.

नावांच्या क्रमातही निर्णय असतो. काही ठिकाणी अधिकारी प्रथम व शिपाई नंतर असा हुद्द्याचा क्रम आहे. अनेक ठिकाणी मात्र हुद्दा गाळून केवळ वर्णानुक्रम पाळलेला आहे. जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्या तबेल्यातील मोतद्दार यांची नावे आडनावाच्या आद्याक्षरावरून खालीवर यावीत, ही १९१४ पूर्वीच्या ग्रामजीवनात न घडणारी गोष्ट होती. अर्थात ही समता दगडापुरतीच होती. चर्चच्या आत त्याच जमीनदारपुत्राचे स्वतंत्र संगमरवरी स्मारक पुष्कळदा असेच.

सर्वांत कठीण प्रश्न होता तो ज्यांना त्यांच्याच सैन्याने गोळ्या घालून मारले त्यांचा. रणांगणातून पलायन, भ्याडपणा इत्यादी आरोपांवरून लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिलेल्या ३०६ सैनिकांना २००६ च्या कायद्याने क्षमा करण्यात आली. तोपर्यंत अनेक स्मारकांवर त्यांना जागा नव्हती. लिंकनशायरमधील फुलस्टो या गावचा एक सैनिक १९१७ साली असा मारला गेला होता. त्याचे नाव वगळावयाचे असेल तर कोणाचेच नाव नको, अशी भूमिका गावकऱ्यांनी घेतली, आणि त्या गावात स्मारकच झाले नाही. ते झाले २००५ साली, आणि त्यावर सर्वांबरोबर त्याचेही नाव आहे. उभारलेल्या स्मारकाइतकेच हे न उभारलेले स्मारकही बोलके आहे. यादीतील एक नाव गाळले तर यादीचा अर्थच नाहीसा होतो, हे त्या गावाला कळले होते.

या स्मारकांविषयी आधुनिक इतिहासकारांत दोन दृष्टी आढळतात. जे विंटर यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात शोकावर भर दिला. जुनी धार्मिक प्रतीके लोकांनी पुन्हा जवळ केली ती दुःख सोसता यावे म्हणून, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ॲलेक्स किंग यांनी १९९८ च्या ग्रंथात समित्या, वर्गण्या व स्थानिक सत्तासंबंध यांकडे लक्ष वेधले. वस्तुतः या दोन दृष्टी परस्परविरोधी नाहीत. शोक खरा होता म्हणूनच नावाच्या जागेबद्दल एवढा वाद झाला.

नाव आणि संख्या

महाराष्ट्रातील वाचकास येथे वीरगळांची आठवण होणे साहजिक आहे. गावच्या देवळाच्या आवारात किंवा वेशीजवळ उभ्या असलेल्या या शिळांवर खालच्या चौकटीत युद्ध, मधल्या चौकटीत अप्सरांसह स्वर्गारोहण आणि वर शिवलिंगाची पूजा असे प्रसंग कोरलेले असतात. त्यांतील बहुसंख्य शिळांवर लेख नाही. वीरगळ कृत्य सांगतो, नाव सांगत नाही. इंग्रजी खेड्यातील क्रूस नाव सांगतो, कृत्य सांगत नाही. मनुष्य कसा मेला याविषयी तो मौन पाळतो, आणि ते मौनच सर्वांना एका पातळीवर आणते.

परंतु याहून जवळचा संबंध आहे तो वेगळाच. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात प्रथम उतरलेले सैन्य ‘सहावी पुणे डिव्हिजन’ या नावाने ओळखले जाई, आणि १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तीत होत्या. १९१६ च्या एप्रिलमध्ये कूत येथे हे सैन्य शरण गेले. या आघाडीवर मेलेल्या व ज्यांची कबर ज्ञात नाही अशांसाठी बसरा येथे १९२९ साली स्मारक उभारण्यात आले. त्यावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. त्यांत ३३ हजारांहून अधिक भारतीय सैन्यातील आहेत. ब्रिटिश सैनिकांची व भारतीय सैन्यातील अधिकाऱ्यांची नावे तेथे कोरली गेली. भारतीय शिपायांची मात्र, पलटणीचे नाव व तिच्यापुढे मृतांचा आकडा, एवढीच नोंद झाली. फ्रान्समधील नव्ह शापेल येथे १९२७ साली झालेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. म्हणजे नावे कोरणे अशक्य होते असे नव्हे. युरोपात जे तत्त्व पाळले गेले ते आशियात सोडून देण्यात आले.

गावपातळीवरही हाच भेद दिसतो. युद्धानंतर भारतातील अनेक गावी सरकारने दगडी पाट्या बसविल्या. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावच्या ४६ मृतांचे स्मरण त्या काळच्या अशाच एका दगडाने करून दिले आहे. बसब्रिजसारख्या ठिकाणी गावाने वर्गणी काढून आपल्या माणसांची नावे लिहिली. येथे सरकारने गावाला त्याचीच संख्या सांगितली. दिल्लीच्या ज्या इंडिया गेटवर सुमारे १३ हजार नावे आहेत त्याचा रचनाकारही लचिन्सच. परंतु १९३१ साली पूर्ण झालेले ते स्मारक राजधानीत आहे. सातारा किंवा रत्नागिरीकडील एखाद्या आईला त्यावरील नाव वाचावयास मिळण्याचा संभव नव्हता.

कमिशनने नेमलेल्या समितीने २०२१ च्या एप्रिलमध्ये या असमानतेविषयी अहवाल प्रसिद्ध केला. निदान १ लाख १६ हजार, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, आशियाई व आफ्रिकी मृतांचे स्मरण नावाने झाले नाही किंवा मुळीच झाले नाही, असे तीत म्हटले आहे. याबद्दल कमिशनने क्षमा मागितली.

इंग्रजी खेड्यात दर नोव्हेंबरमध्ये, ११ तारखेच्या जवळच्या रविवारी, क्रूसाभोवती गावकरी जमतात, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतात, आणि बहुतेक ठिकाणी नावे मोठ्याने वाचली जातात. त्या माणसांना ओळखणारे आज कोणी हयात नाही. तरी आडनावे गावात अजून असतात, आणि वाचणाऱ्याला कधी स्वतःचेच आडनाव उच्चारावे लागते. संख्या अशी वाचता येत नाही. ग्रामीण युद्धस्मारकाचे कार्य दगडापेक्षा या वाचनाने होते. ज्या गावांना केवळ आकडा मिळाला, तेथे पलटणींची दप्तरे, निवृत्तिवेतनाच्या नोंदी आणि घराण्यांच्या आठवणी यांवरून नावे शोधून काढण्याचे काम अद्याप करावयाचे आहे. ते महाराष्ट्रातील अभ्यासकांनी हाती घेण्यासारखे आहे.